गेनबाच्या पोळीतलं हाड

१

श्रावणातल्या एका बुधवारी, भर दुपारी, चिंचवड स्टेशनाजवळच्या ‘नापोली भोजनगृहा’त नानासाहेबांच्या पोळीत हाड निघालं.

पोळी हा आपला गावाचा शब्द. भट्टीवाला गेनारो तिला पिझ्झा म्हणायचा. हा गेनारो मूळचा इटलीतल्या नेपल्सचा, त्याच्या भाषेत नापोलीचा. लढाईत कैदी होऊन हिंदुस्थानात आला, सुटून मायदेशी गेला, आणि तिथं करमेना म्हणून पिंपरीकडच्या एका नव्या कारखान्यात बॉयलर बसवायचं काम धरून परत आला. कौशल्याबाईंच्या खानावळीत जेवता जेवता त्यानं परसात मातीची घुमटी भट्टी बांधली, आणि एक दिवस दोघांनी पुण्याला जाऊन नोंदणी लग्न केलं. विधवेनं लग्न करावं, आणि तेही गोऱ्याशी, म्हणून गावानं बरेच दिवस तोंडं वाकडी केली. मग पोळीची चव लागली आणि तोंडं आपोआप सरळ झाली. गेनारोचा गेनबा झाला.

तर हाड. नानासाहेब कारखान्यात लेबर ऑफिसर होते. इस्त्रीचा कोट, कपाळाला गंध, आणि चातुर्मास म्हणून पोळीवर लसूण नको असं त्यांनी बसल्या बसल्या बजावून सांगितलं होतं. पोळी समोर आली. त्यांनी चमच्याच्या टोकानं चीजचा थर उचलला आणि तसेच थांबले.

“हे काय आहे?”

आवाज मुळीच चढला नव्हता, तरी लांब टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांचे हात थांबले. शेजारी बसलेला सोपानराव वाकून बघू लागला. रस्त्यापलीकडे त्याची मटणाची खानावळ होती, तेव्हा या विषयात त्याचा शब्द शेवटचा.

“बोकडाचं हाय,” तो म्हणाला. “नळीचा तुकडा.”

समोरच्या बाकावर बबनराव जेवत होते. त्यांनी घास ताटात टाकला, बाहेर जाऊन खळाखळा चूळ भरली आणि गळ्यातली तुळशीची माळ चाचपत आत आले. हॉटेलची जागा त्यांची. त्यांचे वडील चिमाजी पाटील यांनी ती देताना एकच अट घातली होती, की या जागेत मांस शिजायचं नाही आणि शिजलं तर जागा सोडायची. कौशल्याबाईंनी मोरयाच्या पायांवर हात ठेवून शब्द दिला होता. कागद नव्हता, सही नव्हती. त्या काळी त्याची गरजही वाटली नव्हती.

“बाई,” बबनराव म्हणाले, “शबुद तुमाला ठावं हाय.”

“ठावं हाय. आन पाळलाय बी.”

“मग हे काय?”

“ते मला का इचारता? ज्यानं टाकलं त्याला इचारा.”

“रविवारी चार मान्सं बसवू. हितं मांस शिजलं आसं ठरलं तर जागा खाली करायची. तवर भट्टी बंद ठिवा.”

कौशल्याबाईंनी पदर खोचला. “भट्टी बंद व्हनार न्हाई. रविवारी जी मान्सं बसतील ती हितंच बसतील, आन गरम पोळी खाऊन उठतील.”

टेबलाच्या दाराकडच्या टोकाला कुसुमताई बसल्या होत्या. गाव त्यांना फौजदारीणबाई म्हणायचं. फौजदारसाहेब जाऊन बरीच वर्षं झाली होती. साहेबांच्या नावावर जेवढे गुन्हे उघडकीला आले, त्यातले निम्मे बाईंनी भाजी निवडता निवडता उकलले होते असं लोक म्हणत, आणि ताईंनी ते कधी नाकारलं नाही. दर बुधवारी त्या इथं जेवायला येत. विधवेनं हॉटेलात बसू नये, असं कुणीतरी त्यांना सुचवलं होतं. त्या दिवसापासून त्या आतल्या कोपऱ्यातून उठून दाराजवळ, रस्त्यावरून नीट दिसतील अशा बसू लागल्या.

आता त्या उठल्या आणि त्यांनी नानासाहेबांच्या हाताखालून ताट काढून घेतलं.

“याला कुणी बोट लावायचं नाही. रविवारपर्यंत हे ताट माझ्या ताब्यात.”

वर झाकण ठेवण्याआधी त्यांनी ते हाड नीट निरखून घेतलं. हाड पिवळं होतं. भोवतीचं चीज मात्र दुधासारखं पांढरं होतं.

२

“मला आतलं सगळं दाखवा,” ताई म्हणाल्या. “लपवायचं असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी घरी जाते.”

“लपवायला काय बी न्हाय, ताई,” गेनबा म्हणाला. मराठी तो खानावळीत शिकला होता आणि ती जशी कानावर पडली तशीच बोलायचा. डोळे लाल झाले होते त्याचे. भट्टीसमोर एवढी वर्षं उभा राहिलेला माणूस, धुरानं ते झालं नसावं.

स्वयंपाकघर चिंचोळं होतं. परातीत कणीक फुगत होती. ताज्या टोमॅटोचा लगदा, शेंगदाण्याचं तेल, मीठ, लसूण. कुंडीत सब्जाची रोपं. पहिल्यांदा गेनबा त्याच्या देशच्या पाल्यासारखी दिसते म्हणून वृंदावनातली तुळस खुडायला निघाला होता. कौशल्याबाईंनी हातावर चापटी मारली आणि बाजारातून सब्जा आणून दिला.

“चीज कशानं विरजता?” ताईंनी विचारलं. “तुमच्याकडे वासराच्या पोटातलं काहीतरी घालतात ना?”

“तिकडं घालत्यात. हितं शबुद दिला हाय.” गेनबानं मांडणीवरची बाटली काढून दाखवली. “अंजिराचा चीक. माझी आजी बी घालायची, गरिबी होती तवा. चाकणकडनं म्हशीचं दूध येतं, त्यात ह्यो चीक.”

ताईंनी डबे उघडून पाहिले, हुंगून पाहिले. मग कौशल्याबाईंकडे वळल्या. “हळद कुठं आहे?”

“हळद?” बाई हसल्या. त्या दिवसातलं ते पहिलं हसू. “हितं हळदीला बंदी हाय, ताई. एकदा माझा हळदीचा हात पिठाला लागला, तर ह्यो मानूस दोन दिवस माझ्याशी बोलला न्हाई. पोळी पांढरी फेक पायजे म्हनं. माझा सैपाक तिकडं मागच्या खोलीत. आन तिथंबी डाळ-भाजीच. मी बी माळ घालती.”

ताईंनी मान डोलावली. मग कमरेची पानाची चंची सोडली आणि एक अख्खी सुपारी काढली.

“एक पोळी कर, गेनबा. चीजच्या खाली ही सुपारी ठेव आणि रोजच्यासारखी भाज.”

गेनबानं वेड्यासारखं पाहिलं, पण केली. भट्टीत बाभळीची लाकडं धगधगत होती. लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून पोळी आत गेली, फुगली, कडेला काळे ठिपके उठले आणि पाणी पिऊन होईतो बाहेर आली. ताईंनी चमच्यानं चीज उचलायला सुरुवात केली. उचलेना. ते वितळून सुपारीला असं चिकटलं होतं की सुपारीबरोबर तारा ओढत वर आलं. जिथं सुपारीचा माथा चीजमधून वर डोकावला होता, तिथं ती काळी ठिक्कर पडली होती.

त्यांनी झाकलेलं ताट उघडलं. हाडावर डाग नव्हता. चीजची एक तारही त्याला चिकटलेली नव्हती. कुणीतरी थर उचलून खाली सरकवून दिल्यासारखं ते सुटं पडलेलं होतं.

“म्हंजे भट्टीत गेलंच न्हाई,” कौशल्याबाई हळू आवाजात म्हणाल्या.

“टेबलावर घातलं. ताट तुम्ही ठेवलंत आणि मागं फिरलात. मग त्या ताटापाशी तिघंच होते. शेजारी सोपानराव, समोर बबनराव, आणि खुद्द नानासाहेब.”

“नानासाहेब आपल्याच ताटात कशाला घालतील? त्ये तर गेल्या महिन्यात शपथ घिऊन गेलते, पुन्यांदा पाय ठेवनार न्हाई म्हून.”

“काय झालं होतं?”

गोष्ट साधी होती. या हॉटेलात एकच लांब टेबल आणि दोन बाजूंना बाक. ज्याला जिथं जागा मिळेल तिथं त्यानं बसायचं. गेल्या महिन्यात नानासाहेबांच्या शेजारी फाउंड्रीतला दत्तोबा येऊन बसला. मराठवाड्यातून आलेला, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला माणूस. नानासाहेबांनी त्याला उठायला सांगितलं. तो उठूही लागला होता. कौशल्याबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि भरल्या टेबलावर म्हणाल्या, की ज्याला अडचन हाय त्यानं उठावं.

नानासाहेब उठून गेले होते. आणि तरीही या बुधवारी परत आले होते.

३

कुणावर संशय घ्यायचा हे एव्हाना गावानं ठरवून टाकलं होतं. मटणवाला सोपानराव. गिऱ्हाईक पळवल्याचा राग, आणि हाडांची काय कमी?

ताई त्याच्याकडे गेल्या तेव्हा खानावळीला फळ्या ठोकलेल्या होत्या. सोपानराव मागच्या अंगणात खाटेवर पडून माश्या हाकलत होता.

“श्रावणात दुकान बंद असतंय, फौजदारीणबाई. पोळा झाला की उघडनार. बगा की.” त्यानं उठून दार ढकललं. चुली सारवून ठेवलेल्या, थंड होत्या, मोठी पातेली भिंतीला टेकवलेली. “आसपास कुटंबी बोकड पडत न्हाई सध्या. माझी आई अजून हाय. श्रावनात नळी घरात आनली तर मला भाईर झोपवंल.”

“गेनबाचं हॉटेल बंद पडलं तर तुला बरंच आहे.”

“बरं हाय की.” तो खोटं बोलायच्या भानगडीत पडला नाही. “पर मला करायचं असतं तर आसं येड्यावानी केलं नसतं.”

“म्हणजे कसं?”

सोपानरावानं डोकं खाजवलं. “काय की. ते हाड मला बरूबर वाटलं न्हाई. आमच्या कालवनातलं हाड तांबडंलाल असतंय, तिखटानं. कुत्र्यानं चघळल्यालं पांढरं असतंय. हे कसलं पिवळं? मी टाकलं असतं तर घासून पुसून टाकलं असतं. गोऱ्याच्या सैपाकातलं वाटाय नको का?”

ताईंनी पुन्हा एकदा त्या थंड चुलींकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “सोपान, एवढी अक्कल दुकान उघडं असताना कुठं ठेवतोस?” आणि हसत चालू लागल्या. ही स्तुती होती हे त्याला मागाहून कळलं असेल.

बबनराव मळ्यात विहिरीच्या काठावर बसलेले भेटले. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. कारखानेवाले त्या जागेसाठी त्यांच्या दारात येऊन बसत होते, ती मोकळी झाली तर त्यांना हवीच होती.

“पर फौजदारीणबाई, आमच्या बानं दिलेली जागा हाय. मी ती लबाडीनं घेतली तर ह्या माळंला काय सांगू? हाड हातात धराया लागंल त्यासाठी. माझ्यानं व्हनार न्हाई.” त्यांनी नुसत्या कल्पनेनं हात धोतराला पुसला.

“आणि समोरच्या बाकावरून तुमचा हात पोचलाही नसता,” ताई म्हणाल्या. “टेबल रुंद आहे. उठून वाकावं लागलं असतं. मी टोकाला होते. कुणाचे हात मला दिसत नव्हते, पण उठलेला माणूस दिसला असता, आणि हाड निघेपर्यंत तुम्ही बाकावरून हलला नाहीत.”

“मग सुटलो का मी?”

“सुटलात. पण रविवारी तुम्हाला तुमच्या वडिलांसारखं वागावं लागेल. ते सोपं नाही.”

परतीच्या वाटेवर ताई स्वतःशीच हिशोब मांडत होत्या. हाड पिवळं आहे, म्हणजे हळदीत शिजलं आहे. आपल्या मुलखात मटण चुलीवर चढण्याआधी त्याला हळद-मीठ लावतात. त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही, इतकी ती हाताची सवय. पण तिखटाचा लालसर डागही नाही. म्हणजे मसाला पडण्याआधीच बाजूला काढलेल्या पाण्यातलं. त्याला अळणी म्हणतात. अळणी कुणाला देतात? लहान पोरांना, बाळंतिणीला आणि हाड मोडलेल्या माणसाला.

श्रावणात, सारं गाव वशाट सोडून बसलेलं असताना, कुणाच्या घरी अळणी शिजते आहे?

४

नानासाहेबांचा बंगला कारखान्याच्या वसाहतीत होता. नानासाहेब घरी होते आणि अगदी शांत होते.

“माझं वैयक्तिक काही नाही, कुसुमताई. पण सोवळ्याओवळ्याचा काही विधिनिषेध नको का? एका बाकावर कुणीही कुणाला टेकून बसतं. तिथं आज हाड निघालं, उद्या आणखी काही निघेल.”

“बाकाचा आणि हाडाचा काय संबंध?”

“एकदा मर्यादा सुटली की सगळंच सुटतं.”

“तुम्ही परत तिथं जाणार नव्हतात ना?”

“माणूस एक संधी देतो.” मग घड्याळ बघून त्यांनी कोट चढवला. कामावर जायचं होतं. “यशोदा, यांना सरबत दे,” असं आत सांगून ते बाहेर पडले.

यशोदाबाई आल्या त्या डाव्या हातानं पेला धरून. उजवा हात खांद्यापासून प्लास्टरमध्ये होता. न्हाणीघरात पाय घसरला होता, आणि एकदा बसवलेलं हाड नीट न जुळल्यामुळे पुण्याच्या डॉक्टरांनी पुन्हा मोडून बसवलं होतं. चेहरा उतरलेला, पण डोळे चलाख.

“त्या हॉटेलात बायका बसतात का हो?” त्यांनी विचारलं. “बाकावर, सगळ्यांबरोबर?”

“मी बसते.”

“मला फार जायचं होतं. भट्टीचा वास इथपर्यंत येतो. हे नेत नाहीत.”

ताई पेला विसळायला म्हणून मागच्या दारी गेल्या. परसाच्या पार टोकाला, तुळशीपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब, शेवग्याखाली तीन दगडांची एक चूल होती. तिच्याशेजारी एकुलतं एक पातेलं पालथं घातलेलं. घरातल्या लखलखीत पितळी भांड्यांशी त्याचं काही नातं नव्हतं. चुलीपाशी एक कामवाली बाई फडक्यात गुंडाळलेला डबा सोडत होती. ताईंना बघताच तिनं तो पदराखाली घेतला. देहूरोडच्या लष्करी बाजारात खाटकांना श्रावण नसतो, हे ताईंना ठाऊक होतं.

त्या काही न बोलता आत आल्या आणि चपला घालू लागल्या.

“कुसुमताई,” यशोदाबाई दारात उभ्या होत्या. “तुम्ही काय पाहिलंत ते मला कळलं. डॉक्टरांनी सांगितलंय. पहिल्या दिवशी मला ओकारी झाली. आता डोळे मिटून पिते. हात वाचायला हवा ना.”

“मी काही पाहिलं नाही, वहिनी. आजारी माणसाच्या वाटीत डोकावायची मला सवय नाही.”

“मग आलात कशाला?” ताई चपलेचा अंगठा शोधत राहिल्या, तसं यशोदाबाईंनी हळूच विचारलं, “ते हाड कसं होतं?”

ताईंना खोटं बोलता आलं असतं. त्या बोलल्या नाहीत.

“पिवळं होतं.”

यशोदाबाईंनी दाराची चौकट डाव्या हातानं घट्ट धरली. मग त्यांनी दार लावून घेतलं.

५

रविवारी नापोली भोजनगृहात पाय ठेवायला जागा नव्हती. भट्टी पेटलेली होती. कौशल्याबाईंनी मुद्दाम लाकडं जास्त घातली होती. बाकावर मधोमध बबनराव, त्यांच्या बाजूंना गावातली चार जाणती माणसं. नानासाहेबांनी घरून खुर्ची आणवली होती आणि ते बाकापासून जरा अंतर ठेवून तिच्यावर बसले होते. दत्तोबा दारातच उभा राहिला होता. कौशल्याबाईंनी दंडाला धरून त्याला आणलं आणि टेबलाशी बसवलं.

ताईंनी ताट मधे ठेवलं आणि सुपारीचा प्रयोग पुन्हा सर्वांसमोर करून दाखवला. जळकी सुपारी हातोहात फिरली.

“हाड भट्टीत गेलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “ते टेबलावर घातलं गेलं. दुसरी गोष्ट, त्याला हळद लागलेली आहे. या स्वयंपाकघरात हळद येऊ देत नाहीत, हवं तर डबे उघडून बघा.”

“हळद कशावरून?” नानासाहेब म्हणाले. “हाड जुनं झालं की पिवळं पडतं.”

“बरं झालं विचारलंत.”

ताईंनी चंचीतून चुन्याची डबी काढली, बोटावर ओला चुना घेतला आणि हाडाला चोळला. जाणती माणसं पुढं झुकली. पिवळं हाड बघता बघता कुंकवासारखं लाल झालं. मागं उभ्या असलेल्या बायकांमधून हुंकार उठला. हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

“तिखटाचा मात्र डाग नाही. म्हणजे हे अळणीतलं हाड. हे आणणारा माणूस सोपानराव नव्हे. ज्याच्या हातातून रोज हाडं जातात तो असं पिवळं हाड कधी निवडणार नाही. बबनरावांचा हात पोचत नव्हता. हे ज्यानं आणलं, त्यानं आयुष्यात हाड पाहिलं ते एकाच घरात, एकाच वाटीत. त्याला वाटलं, हाडं अशी पिवळीच असतात.”

भट्टीत एक लाकूड तडतडलं.

“घर मला माहीत आहे,” ताई पुढं म्हणाल्या. “पण कुणाचं आजारपण मी चारचौघांत मांडणार नाही. त्या वाटीत पाप नाही. पाप तिच्यातलं हाड इथं आणण्यात आहे. ज्यानं आणलं त्यानं स्वतः उठून सांगावं. मी थांबते.”

त्या खरोखरच थांबल्या. नानासाहेबांनी कोटाचं बटण लावलं, सोडलं, पुन्हा लावलं.

“हे सगळे तर्क झाले,” ते शेवटी म्हणाले. “पुरावा आहे का? नाव घ्यायची हिंमत नसेल तर या बाईंनी शब्द मोडला असंच धरावं लागेल. बबनराव, निर्णय द्या.”

“द्यायलाच पाहिजे,” दारातून आवाज आला.

यशोदाबाई टांग्यातून उतरून आल्या होत्या. गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात, धापा टाकत, पण मान ताठ. नानासाहेब खुर्चीवरून अर्धवट उठले.

“तू इथं का आलीस? घरी जा.”

“हाड माझ्या वाटीतलं आहे,” त्या बबनरावांकडे बघून म्हणाल्या. “हात मोडलाय म्हणून डॉक्टरांनी अळणी द्यायला सांगितलीय. आमच्या परसात शिजते. मंगळवारी संध्याकाळी माझी उष्टी वाटी यांनी स्वतः उचलली. लग्नानंतर पहिल्यांदाच. मला केवढं बरं वाटलं होतं.” त्यांनी गळ्यातली झोळी सावरली. “मी ते लपवत होते. आता नाही लपवणार. मला माझा हात हवाय.”

“यशोदा, माझी अब्रू—”

“या बाईंची जागा जात होती, तिचं काय?”

नानासाहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. नजर दत्तोबावर येऊन थांबली. “त्याच्यासमोर मला उठायला लावलं,” ते म्हणाले, आणि एवढंच म्हणाले. ताईंना अधिक काही ऐकायची गरजही नव्हती.

बबनराव बराच वेळ माळेचे मणी बोटांखाली सरकवत बसले. कारखानेवाले उद्याही त्यांच्या दारात येणार होते.

“बानं सांगितलं व्हतं, हितं मांस शिजायचं न्हाई,” ते म्हणाले. “हितं शिजल्यालं न्हाई. जागा बाईंची. आन जो कुनी हा इषय परत काढंल त्यानं आदी माझ्याशी बोलावं.”

कौशल्याबाई रडल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि गेनबाच्या पाठीवर जोरात थाप मारून म्हणाल्या, “हुबा काय ऱ्हायलास? पोळ्या टाक. मी बोलले व्हते ना, गरम खाऊन उठतील म्हून.”

यशोदाबाई अजून उभ्याच होत्या. नानासाहेबांनी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. बाकापाशी गेल्या आणि दत्तोबाला म्हणाल्या, “जरा सरकता का, भाऊ?”

दत्तोबा इतका सरकला की पलीकडचा माणूस बाकावरून पडायचा राहिला.

पोळी आली. यशोदाबाईंनी डाव्या हातानं तुकडा तोडायचा प्रयत्न केला, पण एका हातानं ते जमण्यासारखं नव्हतं. चीजच्या तारा लांबत गेल्या आणि पोळी ताटभर फिरू लागली. कौशल्याबाई पुढं होणार, तेवढ्यात ताईंनी डोळ्यांनी त्यांना अडवलं.

यशोदाबाईंनी ताट दत्तोबापुढं सरकवलं. “तुम्ही तोडून द्या.”

दत्तोबानं आपल्या हातांकडे पाहिलं. साच्यांच्या मातीनं त्याची नखं कायमची काळी झाली होती. त्यानं हात सदऱ्याला पुसले, पुन्हा पुसले, मग पोळीचा एक तुकडा तोडून, तारा गुंडाळून तो त्यांच्या पुढ्यात धरला. नानासाहेब खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. सगळं टेबल बघत होतं. यशोदाबाईंनी त्याच्या हातातून तो तुकडा घेतला आणि सावकाश, चवीनं खाल्ला.

“गरम आहे,” त्या म्हणाल्या. “आणि पुढच्याला लसूण घाला.”